दोन इमारतींच्या मधली जागा

मुंबईच्या जुन्या बांधकामांबद्दल वाचायला बसलं की ६३.५ अंश हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. हा कोन बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा. खोलीबाहेरच्या जमिनीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिची चढण ६३.५ अंशांपेक्षा जास्त असू नये, असा नियम. यातलं गणित शाळकरी पोरालाही कळेल. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी पाहिजे. इमारत २४ मीटर असेल तर मधे १२ मीटर. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांमधल्या उजेड-वाऱ्याबद्दल व्याख्यान दिलं होतं. त्यांचा सगळा भर या कोनावर होता.

हा कोन आला प्लेगमुळे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतून माणसांचे लोंढे गावाकडे निघाले, गिरण्या ओस पडल्या, आणि १८९८ मध्ये सरकारने शहर 'सुधारण्यासाठी' हा ट्रस्ट काढला. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो हे शास्त्रज्ञांनी मान्य करायला अजून काही वर्षं जायची होती. रोग कोंदट हवेतून, ओलीतून, अंधारातून होतो अशीच तेव्हाची समजूत. म्हणून ट्रस्टने दाट वस्त्या फोडल्या, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले आणि बेटाच्या उत्तरेला दादर-माटुंग्याला नवी वसाहत आखली. प्लेगपुरतं बोलायचं तर हे चुकीच्या निदानातून निघालेलं औषध होतं. क्षयापुरतं बोलायचं तर ते अगदी बरोबर होतं.

ट्रस्टची आरती ओवाळायचं मात्र कारण नाही. त्याने पाडलेली घरं बांधलेल्या घरांपेक्षा जास्त होती, आणि मोकळी हवा मिळाली ती ज्यांना नव्या वसाहतीत प्लॉट घेणं परवडलं त्यांना. तरी त्या आखणीत जे उतरलं ते शंभर वर्षं टिकलं. ट्रस्टमधले अभियंते मंचरजी जोशी यांनी दादर पारसी कॉलनी वसवली. रस्त्यारस्त्याला वेगवेगळ्या जातीची झाडं लावून घेतली, आणि मधे पाच उद्यानांची ती चौकट राहिली, जिला सगळी मुंबई आज 'फाइव्ह गार्डन्स' म्हणते. पलीकडे माहीमच्या बाजूला महापालिकेने १९२५ मध्ये मैदान खुलं केलं. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या सुमारास, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं नाव शिवाजी पार्क झालं.

आता तिथून मानखुर्दला येऊ.

मानखुर्द-गोवंडी पट्ट्यातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेल्यांसाठी बांधल्या. रुळाकाठच्या झोपड्यांतून उठवलेल्या कुटुंबांना इथे गाळे मिळाले. पक्क्या भिंती, नळ, स्वतंत्र संडास. कागदावर पाहिलं तर आयुष्य सुधारलंच. पण सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. ऑरसाहेबांच्या हिशेबात जिथे १२ मीटर हवेत, तिथे तीन. खालच्या मजल्यांवर भरदुपारी ट्यूब लावावी लागते. खिडकी उघडावी तर समोरच्याच्या मोरीचा पाइप दिसतो, शिवाय वरून कचऱ्याची पिशवी येते. त्यामुळे खिडकी बंद. मधल्या पट्टीला 'हाउस गल्ली' म्हणतात. तिच्यात सांडपाणी, कचरा आणि उंदीर. एका परीने प्लेगच्या काळातली मांडवीच.

'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईतल्या संशोधकांसह या दोन वसाहती आणि जवळचीच पीएमजी कॉलनी, अशा तीन ठिकाणच्या चार हजारांहून अधिक घरांची पाहणी केली. तिन्हीकडची माणसं साधारण एकाच आर्थिक थरातली. फरक होता तो इमारतींमधल्या अंतराचा, म्हणजे घरात येणाऱ्या उजेडाचा आणि वाऱ्याचा. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये क्षयाचं प्रमाण दहात एकाच्या आसपास निघालं, तर पीएमजीत शंभरात एकाच्या. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे त्रास जास्त.

यामागचं कारण गूढ नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून बारीक थेंबांवर बसून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात, ऊन लागलं तर मरतात. आठ-दहा माणसांच्या खोलीत यातलं काहीच नसेल, तर एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. क्षयाची औषधं सरकार फुकट देतं. पण औषध घेऊन माणूस परत त्याच खोलीत झोपायला जातो, आणि त्या खोलीबद्दल आरोग्य खात्याला काही करता येत नाही. तो विषय नगरविकास खात्याचा.

'मोकळी जागा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजं, बाकडी येतात. ते नंतर. आधी दोन भिंतींमधली फट येते. ती पुरेशी रुंद असेल तरच तिथे झाड लागेल, पोर खेळेल, म्हातारी खुर्ची टाकून बसेल.

बागेजवळ राहणारी माणसं जास्त निरोगी असतात, असं सांगणारे अभ्यास जगभर ढिगाने झालेत. त्यांच्यावरचा आक्षेपही तितकाच जुना आणि रास्त आहे. बागेजवळची घरं महाग असतात, तिथे पैसेवाले राहतात, आणि पैसेवाले कुठेही राहिले तरी जास्त जगतात. मग त्यात बागेचं काय? या आक्षेपाला उत्तर द्यायचं तर अशी माणसं शोधावी लागतात ज्यांना घर निवडायची मुभाच नव्हती. शिकागोत ती सापडली. रॉबर्ट टेलर होम्स ही १६ मजली २८ इमारतींची सरकारी वसाहत होती, राहणारे जवळजवळ सगळे गरीब कृष्णवर्णीय. घर मिळायचं ते रिकामं असेल ते, आपल्याकडच्या प्रकल्पग्रस्तांसारखंच. काही इमारतींखाली झाडं उरली होती, काहींखाली देखभाल टाळण्यासाठी सगळं फरसबंद करून टाकलं होतं. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सुलिव्हन या संशोधकांनी तिथल्या १४५ स्त्रियांशी बोलून पाहिलं. झाडं असलेल्या इमारतींमधल्या बायका आयुष्यातले मोठे प्रश्न कमी टाळत होत्या, ते त्यांना कमी अशक्य वाटत होते, आणि घरातली मारहाणही कमी होती. पगार तोच, वस्ती तीच, जिनाही तसाच.

फिलाडेल्फियात तर चक्क औषधाची घ्यावी तशी चाचणी घेतली गेली. शहरातले ५४१ ओसाड प्लॉट चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटले. काहींवरचा कचरा उचलून गवत, थोडी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण केलं. काहींवरचा नुसता कचरा उचलला, काही आहेत तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरव्या केलेल्या प्लॉटजवळच्या लोकांमध्ये 'मन खचल्यासारखं वाटतं' असं सांगणारे ४१.५ टक्क्यांनी कमी झाले, आणि दारिद्र्यरेषेखालच्या मोहल्ल्यांत ही घट ६८ टक्क्यांपर्यंत गेली. नुसता कचरा उचलल्याने म्हणावा तसा फरक पडला नाही. कुंपण मुद्दाम बुटकं ठेवलं होतं, आत सहज जाता यावं म्हणून. आपल्याकडच्या बागांची टोकदार जाळी आणि दुपारी लागणारं कुलूप आठवून पाहावं.

इंग्लंडमध्ये रिचर्ड मिचेल आणि फ्रँक पॉपम यांनी २००८ मध्ये दाखवलं की श्रीमंत आणि गरिबांच्या मृत्युदरातली दरी हिरव्या भागांत अरुंद होते आणि उजाड भागांत रुंदावते. म्हणजे बागेचा सर्वांत जास्त उपयोग ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याला होतो. श्रीमंताला क्लब आहे, लोणावळ्याचं घर आहे, ट्रेडमिल आहे. आपल्या शहरांत वाटणी नेमकी उलटी झाली आहे.

शिवाजी पार्कचा कट्टा हा या बाबतीत मुंबईचा सर्वांत जुना दवाखाना म्हणायला हरकत नाही. मैदानाभोवतीच्या एका फेरीला सव्वा किलोमीटरला थोडं कमी अंतर पडतं. पहाटे पाचपासून लोक 'राउंड' मारायला लागतात. सात वाजेपर्यंत त्यांचे थर लागलेले असतात. बाहेरून झपाझप चालणारे तरुण, मधे गप्पा मारत चालणाऱ्या बायकांचे चौघी-पाचजणींचे गट, आणि कट्ट्यावर टेकलेले आजोबा, ज्यांच्या दोन फेऱ्या झालेल्या असतात किंवा झाल्या असं ते घरी सांगणार असतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. या दोन आकड्यांच्या मधे जे उभं आहे ते म्हणजे घरातून निघून कुठेही गाडी न चुकवता अर्धा तास चालता येईल असा रस्ता. टोकियोत वयोवृद्धांचा पाच वर्षं माग ठेवणाऱ्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं. घराजवळ चालण्याजोगी झाडीची जागा असलेले म्हातारे जास्त जगले, आणि त्यांची मिळकत, लग्न, आजारपण हिशेबात घेऊनही फरक उरलाच. टोकियो हे मुंबईसारखंच दाटीचं शहर, म्हणून या अभ्यासाला माझ्या लेखी युरोपातल्या दहा अभ्यासांपेक्षा वजन जास्त.

पण याच शिवाजी पार्कात मोकळी जागा आजार कसा देते तेही पाहायला मिळतं. क्रिकेटच्या खेळपट्ट्यांसाठी, सभांसाठी मैदानावर लाल माती आली. पावसाळा सरला की वारा ती उचलतो आणि भोवतालच्या घरांत नेऊन टाकतो. खिडकीच्या कडेवर, डायनिंग टेबलवर, फुप्फुसांत. पाणी मारणं, गवत लावणं, मातीचा वरचा थर खरवडणं, सगळं करून झालं. रहिवाशांची तक्रार काही संपली नाही. मैदान मोकळं आहे, पण पुरेसं हिरवं नाही. आणि हिरवं करावं तर पोरांनी खेळायचं कुठे, हा प्रश्न दादरमध्ये विचारणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

झाडांच्या बाबतीत मात्र असा पेच नाही. हरिणी नागेंद्र यांच्या संशोधक गटाने बेंगळुरूच्या रस्त्यांवर मोजमाप केलं. झाडांखालच्या रस्त्यांवर दुपारच्या हवेचं तापमान उघड्या रस्त्यांपेक्षा ५.६ अंशांपर्यंत कमी, आणि डांबराच्या पृष्ठभागाचं तब्बल २७.५ अंशांपर्यंत कमी. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात डिलिव्हरीची पोरं सिग्नल सोडून मागेच, निंबाच्या सावलीत का थांबतात, त्याचं हे शास्त्र. पुण्याला टेकड्यांचं वरदान आहे आणि वेताळ टेकडीसाठी तिथले लोक रस्त्यावर उतरतात हे त्यांना शोभतं. पण टेकडी गुडघे दुखणाऱ्याच्या उपयोगाची नाही, तान्हं पोर कडेवर असलेल्या बाईच्याही नाही. युरोपातले आरोग्य-तज्ज्ञ अलीकडे घरापासून ३०० मीटरच्या आत अर्धा हेक्टर तरी हिरवी जागा असावी म्हणतात. ३०० मीटर म्हणजे चपला अडकवून, कुलूप न लावता, शेजारणीला सांगून जाता येईल इतकं.

मुलांसाठीही अंतर जवळचंच लागतं. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा उघड्यावर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, तर इतर शाळांत ३९.५ टक्के. आपल्याकडे दुसरी-तिसरीतल्या मुलांचे चष्मे वाढले म्हणून मोबाइलला शिव्या घालतात. पोरगं मोबाइल ठेवून खाली उतरलं तर तिथे काय आहे, तर दोन ओळी गाड्या आणि 'येथे खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी.

लहान जागाही पुरते, याचा दाखला नवी मुंबईत आहे. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी जी बैठी घरं आखली, त्यांची मांडणी अजून पाहण्यासारखी आहे. सात घरं एका छोट्या चौकाभोवती, साधारण आठ मीटर लांब-रुंद. असे तीन चौक मिळून २१ घरांचा थोडा मोठा चौक. तसे तीन मिळून त्याहून मोठा. कोणतंही घर दुसऱ्याला चिकटलेलं नाही, म्हणून ज्याला ऐपत आली त्याने आपापलं घर वाढवलं. गेल्या चाळीस वर्षांत तिथे मूळ घरं शोधावी लागतात इतकी बांधकामं झाली, स्लॅब चढले, पण चौक बहुतेक राहिले. कारण प्रत्येक चौक कुणाच्या तरी दाराशी आहे. त्यात गाडी लावली तर सात घरांतल्या कुणाला तरी राग येतोच. शहरभराची मोठी उद्यानं अशी राखली जात नाहीत.

जिल्ह्याच्या गावांतल्या लेआउटांत याच्या बरोबर उलट घडतं. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावी लागते. गावोगावच्या कॉलन्यांत तिला इंग्रजीतच 'ओपन स्पेस' म्हणतात. पहिली पाच वर्षं तिथे बाभळी आणि गाजरगवत. मग कुणीतरी शेंदूर लावलेला दगड आणून ठेवतो, त्यावर पत्रा येतो, पत्र्याचं देऊळ होतं, देवळाला आमदार निधीतून सभामंडप मिळतो, उरलेल्या कोपऱ्यात अभ्यासिका किंवा पाण्याची टाकी. अभ्यासिका वाईट नाही, देवही वाईट नाही. पण आपण मोकळ्या जागेला रिकामी जागा समजतो, आणि रिकामं काही दिसलं की त्यात काहीतरी बांधल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

मुंबईत ही चैन कायद्याने पुरवली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर. म्हणजे शिवाजी पार्कसारखी सहा-सात मैदानं गिरणगावात होऊ शकली असती. २००१ मध्ये नियम बदलला. तीन वाटे सगळ्या जमिनीचे न होता फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीचे, आणि गिरणीच्या जमिनीवर रिकामं असणार तरी किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, तो मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. आज परळ-लोअर परळला जे टॉवर दिसतात त्यांच्या खाली ती मैदानं आहेत.

गिरणगावातच, वरळीला, बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याला सामायिक. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी पहाटेची ती रांग आठवावी. पण दोन चाळींमध्ये ऐसपैस अंतर होतं, शेजारी जांबोरी मैदान होतं, आणि खोली लहान असल्याने सगळं आयुष्यच बाहेर काढलेलं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाळींच्या पुनर्विकासात वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांचा ताबा मिळाला. त्यांचा आनंद शंभर टक्के खरा आहे. उंच टॉवरमधल्या आजी दिवसातून किती वेळा खाली उतरतात, हे कुणीतरी येत्या पाच-दहा वर्षांत मोजायला हवं.

कारण उंची वाढली की 'खाली' नावाची जागाच बदलते. बिल्डरच्या भाषेत तिला आरजी, म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड, म्हणतात. पार्किंगचे पाच-सहा मजले, त्यावर पोडियम, त्यावर फूटभर मातीत लॉन आणि कुंडीतले पाम. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमाने सोडायची आरजी जमिनीवरच हवी. पोडियमवर जे कराल ते वरकड. निकाल स्पष्ट होता. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने त्यातला काही हिस्सा पोडियमवर नेण्याची वाट पुन्हा मोकळी केली. पोडियमच्या फूटभर मातीत वड-पिंपळ सोडा, साधा करंजही धड वाढत नाही, पावसाचं पाणी जमिनीत मुरत नाही, आणि लिफ्टला कार्ड लागत असल्याने मागच्या वस्तीतलं पोर तिथे कधीच येत नाही.

मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. पसरलेल्या सतरंजीवर एक माणूस बसावा एवढी. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शिकेत आकडा आहे १० ते १२ चौरस मीटर. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने झोपडपट्ट्यांनी व्यापलेल्या, उद्यान-मैदानासाठी आरक्षित प्लॉटवर पुनर्वसन करायला परवानगी देणारा नियम कायम ठेवला. अट अशी की किमान ३५ टक्के जागा मोकळी सोडायची. झोपडीत राहणाऱ्याला घर हवं की शेजारच्याला बाग, असा तो वाद अनेक वर्षं मांडला गेला. ही मांडणीच मला खोटी वाटते. त्या ६५ टक्क्यांवर उभ्या राहणाऱ्या इमारतीत जो राहायला जाणार आहे, त्यालाच त्या ३५ टक्क्यांची सर्वांत जास्त गरज आहे. ते ३५ टक्के सलग एका ठिकाणी येतात की इमारतींभोवतीच्या पट्ट्यापट्ट्यांत विरून जातात, यावर ते मैदान होणार की हाउस गल्ली हे ठरेल.

नटवर पारेखमध्ये कम्युनिटी डिझाइन एजन्सी या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने रहिवाशांबरोबर बसून इमारतींमधल्या जागा साफ केल्या, मुलांसाठी खेळायची जागा केली, भिंती रंगवल्या. उपयोग झालाच. पण तीन मीटरचे सहा मीटर त्यांनाही करता येत नाहीत. इमारत उभी राहिल्यावर अंतर बदलत नाही. ते फक्त नकाशावर बदलता येतं.

सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथले प्रश्न पाठ असतात. कार्पेट किती वाढवून देणार, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, कॉर्पस किती, दुसरी गाडी कुठे लावायची. वास्तुविशारदाच्या पडद्यावर मधे एक हिरवा तुकडा दिसतो, त्यावर दोन झाडांची चित्रं असतात आणि पुढची स्लाइड येते. तो तुकडा जमिनीवर आहे की सातव्या मजल्यावर, दोन विंगांमध्ये अंतर किती मीटर आणि उंचीच्या मानाने ते कितवा भाग भरतं, अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता त्यातूनच जातो का, आणि डिसेंबरात दुपारी बारा वाजता पहिल्या मजल्यावर ऊन पोचतं का, हे सगळं त्याच नकाशावरून काढता येतं. वास्तुविशारद शेजारीच बसलेला असतो, आणि सही करायच्या आधी त्याला विचारलं तर उत्तर द्यायला त्याला फार वेळ लागत नाही.